एक्स-रेच्या माणसांचा पहिला खेळ

आमचा अ‍ॅनिमेशनचा महोत्सव पितृपक्षात असतो. त्यामागे कलेचं काही कारण नाही. त्या पंधरवड्यात कोणी लग्न करत नाही, साखरपुडा करत नाही, त्यामुळे दादरचा हॉल सलग तीन दिवस मिळतो. पहिल्या वर्षी आम्ही हे न बघता गिरगावातल्या एका हॉलमध्ये मार्गशीर्षातल्या तारखा घेतल्या होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी पडद्यावर काड्यापेटीतल्या काड्यांची माणसं चालत होती आणि हॉलवाल्याने दिवे लावले. मागच्या दाराने वऱ्हाडाच्या बॅगा आत यायला लागल्या. त्याने दोघांचंही बुकिंग घेतलं होतं. प्रोजेक्टर आम्ही भटारखान्याच्या दाराने बाहेर काढला. तेव्हापासून मी आधी पंचांग बघते, मग चित्रपट.

मी कलाकार नाही. परळच्या एका इस्पितळात रेकॉर्ड विभागात काम करते, या वर्षी सत्तावीस वर्षं होतील. हा महोत्सव आमच्या गिरगावच्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या, चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या गृहस्थांनी सुरू केला. सगळे त्यांना सर म्हणतात, मीही म्हणते. सुरुवातीलाच ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "बाई, माझ्याकडे सगळे 'हो' म्हणणारे आहेत. मला एक 'नाही' म्हणणारं माणूस पाहिजे." अ‍ॅनिमेशन म्हणजे कार्टून आणि कार्टून म्हणजे लहान मुलांचं, एवढंच मला तेव्हा माहीत होतं. पण 'नाही' म्हणायला चित्रकला लागत नाही. दार, खुर्च्या, नोंदवही, आलेले अर्ज आणि गेलेले अर्ज, एवढं माझ्याकडे आलं ते अजून आहे.

माझा स्वभाव काळजीचा आहे. तो जाणार नाही हे कळल्यावर मी त्याला कामाला लावलं. प्रत्येक चित्रपट मी आदल्या दिवशी रिकाम्या हॉलमध्ये उभी राहून पूर्ण बघते. आवाज ओठांच्या मागे पडतोय का, शेवटची नामावली मध्येच तुटतेय का. बसून बघितलं तर मी चित्रपट बघायला लागते, म्हणून उभी.

आमच्या पडद्यावरून पुढे गेलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी आहेत. काड्यांची माणसं करणारा आता परदेशात एका मोठ्या स्टुडिओत आहे, दिवाळीला मेसेज करतो. माहीमच्या एका बाईंनी दोन मुलांना शाळेत पाठवून स्वयंपाकाच्या ओट्यावर चित्रपट केला होता. त्या आता मुलांसाठी मालिका करतात. सगळ्यात चांगला चित्रपट ज्याचा होता तो माटुंग्याला वडिलांचं फरसाणचं दुकान चालवतो. महोत्सव कोणाला घडवतो वगैरे सर बोलतात. मला इतकंच दिसलंय की अंधाऱ्या हॉलमध्ये कधीतरी योग्य माणूस योग्य माणसाच्या शेजारी बसतो. खुर्च्या मी लावते, म्हणून सांगते.

तर ती लालबागची मुलगी.

ती पहिल्यांदा मला भेटली ती इस्पितळाच्या खिडकीवर. पंचविशीची असेल. परळलाच एका जुन्या मिलच्या आवारातल्या कचेरीत जाहिरातींचं काम करत होती. तिला जुने एक्स-रे हवे होते, फिल्मवाले, निळसर. म्हणाली, "मला त्यातून माणसं कापायचीयत."

मी म्हटलं, "पेशंटचं काही देता येत नाही."

"रद्दीतलं पण नाही?"

"रद्दीतलं तर मुळीच नाही." ती वळली तेव्हा मात्र मला राहवलं नाही. "घरी जा आणि गादीखाली बघ. कपाटावर बघ. लालबागच्या चाळीत प्रत्येक घरात दोन-चार तरी निघतील. कोणी एक्स-रे टाकत नाही. आणि कोपऱ्यातली नावाची पट्टी आधी काप."

ती गेली आणि तिने खरंच तसं केलं. दोन मजल्यांवरच्या घरांमधून गुडघे, बरगड्या, मनगटं, मानेचे मणके गोळा केले. समोरच्या इमारतीतल्या एका निवृत्त बौद्ध मास्तरांचा खांदा आणला. काचेखाली दिवा ठेवायचा, काचेवर कापलेले तुकडे मांडायचे, वरून एक फोटो काढायचा, तुकडे केसभर सरकवायचे, पुन्हा फोटो. एका सेकंदाला बारा. नऊ मिनिटांच्या चित्रपटाला साडेसहा हजारांच्या आसपास. हे ती नोकरी सांभाळून, माळ्यावर, वाकून करत होती. चित्रपटात काय, तर चाळीत सकाळी पाणी येतं तेवढा वेळ. बादल्या, कळश्या, भांडणं, एकमेकींच्या सुनांची चौकशी. आवाज चाळीतल्या बायकांचेच होते. मुख्य बाईचं डोकं म्हणजे तिच्या आजीचा उजवा गुडघा होता.

आमच्या महोत्सवात दुसऱ्या दिवशी सकाळी 'अर्धवट' नावाचा एक भाग असतो. पूर्ण न झालेल्या चित्रपटांचे तुकडे दाखवायचे आणि बघणाऱ्यांनी बोलायचं. माझ्याच सांगण्यावरून तिथे तिने चार मिनिटं दाखवली. त्या वर्षी परदेशातल्या एका महोत्सवासाठी चित्रपट निवडणाऱ्या बाई आल्या होत्या. त्यांना मी मुद्दाम तिसऱ्या रांगेत बसवलं होतं, कारण पहिल्या दोन रांगांत पंख्याचा आवाज येतो. दिवे लागल्यावर त्यांनी त्या मुलीला विचारलं, पूर्ण कधी होईल? ती म्हणाली, जानेवारीत. बाई म्हणाल्या, झाला की आधी आम्हाला पाठव.

चित्रपट जानेवारीत पूर्ण झाला. फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आम्ही दोघींनी त्या बाईंच्या महोत्सवाचा अर्ज भरला. मीच टाइप करत होते, इंग्रजीतले प्रश्न मराठीत वाचून दाखवत होते. रेकॉर्ड विभागाची सवय, एकही जागा कोरी सोडायची नाही. नियमांत लिहिलं होतं की चित्रपटाचा पहिला खेळ त्यांच्याकडेच व्हायला हवा. आमच्या 'अर्धवट'ची मला धास्ती होती, म्हणून मी नियम दोनदा वाचले. अपूर्ण तुकडे दाखवलेले चालतात असं स्पष्ट होतं. मी निर्धास्त झाले आणि पुढचं वाचलं, "या चित्रपटाचं यापूर्वी कुठेही सार्वजनिक प्रदर्शन झालेलं नाही."

तिने विचारलं, "सार्वजनिक म्हणजे, काकी?"

"म्हणजे थिएटर गं. टीव्ही. नेट."

"मग नाही."

मी चौकटीत खूण केली. आमच्या महोत्सवाची शिफारस म्हणून खाली माझं नाव टाकलं आणि तिला कांदेपोहे दिले.

एप्रिलमध्ये पत्र आलं. चित्रपट स्पर्धेत घेतला होता. स्पर्धेतल्या प्रत्येकाला आठवडाभर बोलावणं होतं आणि एका कार्यशाळेत जागा, जिथे पुढच्या चित्रपटाची कल्पना मांडायची आणि चित्रपट करायला मदत करणारी माणसं समोर बसलेली असतात. तिच्यासारखीला त्या खोलीत शिरायला दुसरा रस्ता नाही. तिने फोनवर नुसतं "काकी, काकी" केलं. मी म्हटलं, ओरडू नकोस, पासपोर्ट काढलायस का?

पत्रासोबत दोन कामं होती. पहिल्या खेळाबद्दलच्या प्रतिज्ञापत्रावर आमच्या दोघींच्या सह्या आणि तिचे काम करतानाचे काही फोटो. फोटो मागितल्यावर तिने चाळीच्या मंडळाच्या पानाचा दुवा पाठवला. "यात बघा, पूजेच्या दिवसाचे पण आहेत."

मी तो दुपारी ऑफिसात, डबा खाताना उघडला. पहिल्याच फोटोत चाळीचं अंगण. पांढरी चादर ताणून बांधलेली, चादरीवर बादली घेतलेली एक्स-रेची बाई, पुढे प्लॅस्टिकच्या खुर्च्या. आणि चादरीच्या वर, या टोकापासून त्या टोकापर्यंत भगवा बॅनर, "सार्वजनिक श्री सत्यनारायणाची महापूजा".

मी डबा बंद केला.

कारण त्या खुर्च्यांमध्ये दुसऱ्या रांगेत मीच बसले होते. मांडीवर शिऱ्याचा द्रोण. सव्वीस जानेवारीला त्यांच्या चाळीत दरवर्षी पूजा असते, तिने मला बोलावलं होतं. अंधार पडल्यावर चित्रपट लावला होता आणि लोकांनी तो गप्प बसून बघितलाच नव्हता.

"तो माझो गुडघो! माझो गुडघो तो!"

"अगो गप, तुझो गुडघो बोलता हा, आयकूक दे."

"ह्या बरगड्या कोणाच्या?"

"आमच्या ह्यांच्या. बघ, सिगारेटी दिसतात काय आत."

मास्तरांचा खांदा आला तेव्हा समोरच्या इमारतीतली मंडळी टाळ्या वाजवायला लागली. पूजेला ती येत नाहीत, चित्रपटाला आपापल्या खुर्च्या घेऊन आली होती. मीही हसले होते. आणि तीन आठवड्यांनी माझ्याच टेबलावर बसून मी लिहिलं होतं की सार्वजनिक प्रदर्शन झालेलं नाही. मी खोटं बोलले नव्हते. मला ते आठवलंच नव्हतं. चाळीतलं म्हणजे घरचं, इतकं ते डोक्यात पक्कं होतं. सार्वजनिक गणपती, सार्वजनिक पूजा, हा शब्द जन्मापासून डोक्यावर टांगलेला असतो, म्हणून वर मान करून कोणी वाचत नाही.

फोटोंच्या खाली मंडळाच्या सेक्रेटरींनी व्हिडिओ टाकला होता. चित्रपटाची सुरुवातीची मिनिटं, मोबाइलवर घेतलेली. वर त्यांनी लिहिलं होतं, "आपल्या चाळीच्या कन्येच्या चित्रपटाचा शुभारंभाचा प्रयोग."

शुभारंभाचा प्रयोग. पहिल्या खेळाला याहून नेमका मराठी शब्द शोधूनही मिळाला नसता.

संध्याकाळी मी सरांकडे गेले. त्यांनी फोटो चष्मा वर करून पाहिला. "बाई, तिकडे मराठी कोण वाचणार?"

"आता फोन वाचतो सर. बोट ठेवलं की भाषांतर."

"मग काढायला सांगा."

"सांगते. पण प्रतिज्ञापत्रावर सही माझी आहे."

"पोरीचं आयुष्य आहे हो," सर म्हणाले. त्यांचं बरोबर होतं. दुसरीकडे मला पुढच्या वर्षी अर्ज करणारे दिसत होते. आमची शिफारस म्हणजे माझ्या नावावर कोणीतरी ठेवलेला विश्वास. तो एकदा गेला की पुढच्या सगळ्यांच्या अर्जांवरून गेला. प्रतिज्ञापत्राला दहा दिवसांची मुदत होती, त्यातले चार संपले होते.

त्या मुलीला मी फोनवर सगळं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माझं गेलं का?"

"अजून नाही."

"तुम्हीच म्हणालात ना, थिएटर, टीव्ही, नेट."

"म्हणाले. रविवारी येते तुझ्याकडे."

मधले दिवस मी नीट झोपले नाही, जेवले नाही, असं काही झालं नाही. मी ऑफिसला गेले, भाजी आणली. फक्त दर तासाला ते पान उघडून बघत होते, कोणी नवीन काही लिहिलंय का. एका बाईने लाल बदाम टाकला तरी ती कोण, कुठली, ते मी शोधत बसायचे.

रविवारी सकाळी लालबागला गेले. मंडळाचे सेक्रेटरी म्हणजे विम्याचं काम करणारे, माझ्याच वयाचे, झब्ब्याच्या खिशात दोन पेनं लावणारे गृहस्थ. मला वाटलं होतं, यांना समजवावं लागेल, पूजेचा व्हिडिओ काढायचा म्हटल्यावर रागावतील. तसं काहीच झालं नाही.

"एवढंच ना, मॅडम? आमच्या पोरीसाठी काय पण!" त्यांनी माझ्यासमोर व्हिडिओ काढला, फोटो काढले. मग म्हणाले, "थांबा, पक्कं काम करू." आणि चाळीच्या ग्रुपवर टाइप करता करता मोठ्याने वाचायला लागले, "सर्व सभासदांस कळविण्यात येते की, कुणाच्याही मोबाइलमध्ये सदर चित्रपटाचे चित्रण असल्यास ते त्वरित नष्ट करावे. तसेच कोणी चौकशी केल्यास आपण सदर चित्रपट पाहिलेला नाही, असे सांगावे. हुकुमावरून."

गॅलरीतून आवाज आला, "काय सांगूचा?"

ती आजी. पंच्याऐंशीच्या पुढची, दाराशी स्टुलावर बसलेली, उजवा पाय सरळ ठेवून. सेक्रेटरींनी पुन्हा वाचलं.

"म्हणजे मी बघूक नाय?"

"कोणी विचारलं तर, आजी. विचारणार कोण?"

"माझोच गुडघो, आणि मी वळखणंय नाय असा सांगू?" आजी म्हणाली. "आणि ता पण खयच्या पूजेत? सत्यनारायणाच्या पूजेत दाखवलास, आणि त्याच्याबद्दलच खोटा?"

शेजारच्या दारातल्या बाई म्हणाल्या, "आजी, तिचं भलं होतंय ना."

"होऊ दे की. मी खय नको म्हणतंय? पण माका इचारू नका म्हणजे झाला. मी खरा तेच सांगतलंय."

सेक्रेटरी माझ्याकडे बघून हसले, म्हातारी आहे, चालायचंच, असं. पण मला हसू आलं नाही. मी सकाळभर जे टाळत होते ते तिने एका वाक्यात समोर ठेवलं होतं. मी चाळीतल्या सगळ्या माणसांना, ज्यांच्या हाडांवर तो चित्रपट झाला त्यांना, बघितलंच नाही म्हणायला लावायला आले होते. तेही माझी एक खूण चुकली म्हणून.

मुलगी आत माळ्याच्या शिडीवर बसली होती. सगळं ऐकत होती. मी तिच्यासमोर खाली सतरंजीवर बसले.

म्हटलं, "आमच्याकडे रेकॉर्डमध्ये एक नियम आहे. चुकीची नोंद खोडायची नाही, त्यावर पांढरं लावायचं नाही. एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे अशी. वर बरोबर ते लिहायचं आणि सही करायची, तारखेसकट."

"आणि त्यांनी स्पर्धेतून काढून टाकलं तर?"

"तर गेलं. मी तुला खोटी आशा देणार नाही."

"दोन वर्षं, काकी."

"माहितीये."

"खूण तुम्ही केलीत."

"हो. मीच केली. तेही लिहिणार आहे."

तिने शिडीच्या पायरीवरचा एक तुकडा उचलला, कोणाचं तरी मनगट, आणि उजेडाकडे धरला. माझ्याकडे बघत नव्हती. मला भीती वाटली की ती 'नाही' म्हणेल. चित्रपट तिचा होता, तिने 'नाही' म्हटलं असतं तर मी काय केलं असतं, हे मला अजून माहीत नाही. सही केली नसती एवढं नक्की. पण गप्प राहिले असते का, ते सांगता येत नाही.

"मी गुपचूप तिकडे जाऊन आले," ती म्हणाली, "आणि आजीला कोणी विचारलं, काय गो, पहिल्यांदा कुठे बघितलंस..." तिने ते मनगट खाली ठेवलं. "लिहा. पण मी शेजारी बसते."

तिथेच, तिच्या लॅपटॉपवर लिहिलं. सेक्रेटरी मागे उभे राहून वाचत होते आणि मध्येच म्हणाले, "मॅडम, माझं नाव घालू नका हां." मी लिहिलं की अर्जातलं एक उत्तर चुकीचं आहे आणि ती चूक चित्रपट करणारीची नाही, माझी आहे. सव्वीस जानेवारीला चाळीच्या अंगणात चित्रपट दाखवला, ज्यांच्या घरांतून एक्स-रे आले त्यांना. आमच्या भाषेत अशा पूजेलाही 'सार्वजनिक' म्हणतात, आणि मी तो शब्द इतक्या वेळा वाचलाय की त्याचा अर्थ विसरले. हे कारण म्हणून सांगत नाही, जे झालं ते सांगतेय. पाठवायचं बटण तिने दाबलं.

तीन दिवसांनी त्यांचे प्रश्न आले. तिकीट होतं का? नव्हतं. इंटरनेटवर काही टाकलं होतं का? सुरुवातीची मिनिटं, आता काढली आहेत. आलेले सगळे त्याच आवारात राहणारे होते का?

या तिसऱ्या प्रश्नावर मी बराच वेळ बसले. "बहुतेक रहिवासी" असं लिहिता आलं असतं, ते पूर्ण खोटंही नव्हतं. पण माझ्या डोळ्यांसमोर खुर्च्या घेऊन रस्ता ओलांडणारी समोरच्या इमारतीतली माणसं येत होती आणि टाळ्या. आणि मी तर गिरगावची. लिहिलं, "नाही. फाटक उघडं होतं."

उत्तराला आणखी सहा दिवस लागले. पत्र सभ्य होतं. नियमाप्रमाणे चित्रपट स्पर्धेत ठेवता येत नाही. स्पर्धेबाहेरच्या विभागात दाखवायला आवडेल. त्या विभागातल्यांना बोलावणं नसतं, कार्यशाळेतली जागाही नसते. खाली एक वाक्य होतं, तुम्ही कळवलंत हे बरं झालं, यापुढेही तुमच्याकडून येणारे अर्ज आम्ही वाचू.

ते वाक्य माझ्या सोयीचं होतं. तिच्या नाही.

मी फोन केला नाही. जेवणाच्या सुट्टीत तिच्या कचेरीच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले. ती खाली आली, पत्र माझ्या फोनवर वाचलं, दोनदा वाचलं.

"माझ्या जागी कोणाला घेतलं?"

"ते कळवत नाहीत."

"बरं," म्हणाली. मी चहा घेऊया म्हटलं तर म्हणाली, मीटिंग आहे. वर गेली.

त्यानंतर दीड महिना तिने मला फोन केला नाही. मीही केला नाही. सर म्हणत होते, तुम्ही करा, तुम्ही मोठ्या आहात. पण काय बोलणार? तू खरं वागलीस, छान झालं? तिला त्याचं काय करायचं होतं? रोज सकाळी ऑफिसला जाताना त्या कचेरीचं फाटक लागायचं, मी समोरच्या फुटपाथवरून जायला लागले.

जूनमध्ये चित्रपट तिकडे दाखवला गेला. तिच्याशिवाय. महिन्याभरात दुसऱ्या दोन महोत्सवांची पत्रं आली, ज्यांना पहिल्या खेळाचं सोवळं नाही. त्यातल्या एकाने तिला बोलावलं. ते मला तिने मेसेजने कळवलं, एका ओळीत, आणि खाली लिहिलं होतं, "काकी, व्हिसाचा फॉर्म भरायचाय. मी भरते, तुम्ही तपासा." मी तो तीनदा तपासला. एक चूक सापडली, तिचीच होती, मी काही बोलले नाही. ती जाऊन आली. कार्यशाळेसारखं काही तिथे नव्हतं. पण एका बाईंनी तिला विचारलं की पुढे काय करतेयस, आणि अजून अधूनमधून विचारतात. त्यातून काही होईल की नाही, मला सांगता येणार नाही. कार्यशाळेतून झालं असतं का, तेही सांगता येणार नाही, आणि हे मला अधूनमधून आठवतं.

पितृपक्षात आम्ही तो चित्रपट दादरला दाखवला. चाळीतली पन्नास-साठ माणसं आली, मी आणखी खुर्च्या मागवून ठेवल्या होत्या. आजीला सेक्रेटरी टॅक्सीने घेऊन आले. चित्रपटाच्या सुरुवातीला आता एक नवीन पाटी आहे. ती मला आधी माहीत नव्हती, आदल्या दिवशी उभी राहून बघताना दिसली. "पहिला खेळ : आमच्या चाळीचं अंगण, सार्वजनिक सत्यनारायण महापूजा." अक्षरं एक्स-रे कापून केलेली.

या जानेवारीत सेक्रेटरींचा फोन आला. "मॅडम, बॅनर छापायला टाकतोय. यंदा 'सार्वजनिक' काढून नुसतं 'सत्यनारायणाची महापूजा' टाकू का? पोरीचं नवीन काम चालू आहे. पुन्हा लोचा नको."

"नवीन काम दाखवणार आहात का पूजेला?"

"छे छे. तीनच मिनिटं झालीत म्हणते."

"तीन मिनिटं दाखवणार आहात का?"

"लोक विचारतायत हो. समोरचे मास्तर तर सारखे विचारतायत, माझा दुसरा खांदा घेतला की नाही."

मी फोन कानाला धरूनच नोंदवही ओढली आणि नवीन पान काढलं. तारीख, जागा, किती मिनिटं, अपूर्ण. तिकीट नाही. फाटक उघडं.

"'सार्वजनिक' राहू द्या," मी म्हटलं. "आणि कोणी मोबाइलवर घेणार नाही, हे तुमच्या त्या ग्रुपवर आधी टाका. आत्ता टाका, मी थांबते."

ते टाइप करता करता मोठ्याने वाचायला लागले. मी ऐकत होते.